रकाना मोकळा सोडू नये

महाराष्ट्रातल्या एका विशिष्ट पिढीचे वाढदिवस कॅलेंडरवर मांडले, तर १ जूनच्या चौकोनात चेंगराचेंगरी होईल. यामागे ग्रहयोग वगैरे काही नाही. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला सहावं पूर्ण हवं असायचं, आई सांगायची, "आखाडात झाला, म्हैस व्याली त्या साली." आणि दाखलखारीज रजिस्टरातला जन्मतारखेचा रकाना मोकळा सोडायची गुरुजींना सोय नव्हती. गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. रकाना भरला, वय बसलं, तपासणीचे साहेब खूश होऊन गेले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो, या नियमाने पोराच्या निरोपसमारंभाची तारीखही त्याच टाकाने ठरली. दर ३१ मेला कचेऱ्यांमध्ये शाली-श्रीफळांची टंचाई होते ती त्यामुळे.

सल्लागार मंडळी आज ज्याला 'डेटा क्वालिटी' म्हणतात आणि ज्याची फी ताशी लावतात, तो मामला एवढाच आहे. फक्त गुरुजींवर जी सक्ती साहेबांची होती, ती आता स्क्रीनवरची लाल चांदणी करते. रकान्याशेजारी चांदणी असली की तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. काय भरलं याच्याशी चांदणीला कर्तव्य नाही.

कुठल्याही कापडदुकानात बिलाच्या रांगेत उभं राहून बघा.

"काका, मोबाइल नंबर?"

"दोन बनियनं घेतलीत बाई. नंबर कशाला?"

"सिस्टीम बिलच काढत नाही नंबरशिवाय."

"मग सिस्टीमलाच घाला बनियनं."

मुलगी एकदा रांगेकडे बघते आणि दहा वेळा नऊ दाबते. बिल सुर्रकन बाहेर येतं. महिनाअखेरीस मुख्य कचेरीत शोध लागतो, की एक अत्यंत निष्ठावान गिऱ्हाईक रोज सकाळी पुरुषांची बनियनं, दुपारी नऊवारी आणि संध्याकाळी बाळंतविडा नेतं, तेही एकाच वेळी सांगलीत आणि नाशकात. मार्केटिंग त्याला 'प्लॅटिनम' दर्जा देऊन टाकतं. मुलीला कोणी विचारत नाही. तिचा पगार बिलं किती निघाली यावर आहे, नंबर खरे किती यावर नाही.

कारखान्यांत हाच खेळ मोठ्या रकमांचा. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीचा व्हेंडर मास्टर उघडा. गणपतीच्या नावाचा एकच वर्कशॉपवाला तिथे पाच अवतारांत भेटेल. एकाचा 'श्री' इंग्रजीत 'आय'वर संपतो, दुसऱ्याचा दोन 'ई'वर, तिसऱ्यामागे मेसर्स, चौथ्यापुढे कंसात 'नवीन', आणि पाचव्याच्या नावातच लिहिलेलं असतं: 'वापरू नये'. सगळ्यांत जास्त बिलं या पाचव्यावर पास झालेली असतात.

वास्तविक हे पाच जण एकच आहेत हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिली दोन राज्याची, आपली २७. पुढची दहा थेट पॅनची. पॅन जुळवला की पाचही अवतार एका मूर्तीत विलीन. पण जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला, आणि त्या रकान्यात अजून 'अर्ज केला आहे' एवढंच आहे. परचेसच्या कारकुनाला छेडलं तर तो शांतपणे सांगतो, "साहेब, नवा व्हेंडर उघडायला दोन मिनिटं लागतात. जुना दुरुस्त करायला तीन सह्या." मला तरी हे उत्तर कुठल्याही सल्लागाराच्या शंभर स्लाइडींपेक्षा वजनदार वाटतं.

मग नवं सॉफ्टवेअर येतं. जुन्या सिस्टीममधली घाण नवीत शिरताना आपोआप उंबऱ्याबाहेर राहील, अशी सर्वांची श्रद्धा असते. डेटा साफसफाईला वेळापत्रकात सहा आठवडे असतात. डिझाइन लांबतं, टेस्टिंग लांबतं, गो-लाइव्ह मात्र हलत नाही, कारण चेअरमनसाहेबांनी दसऱ्याचा मुहूर्त काढलाय. सहा आठवड्यांचे चार दिवस उरतात, शनिवार-रविवार धरून. 'डेटा ओनर' कोण यावर बैठक बसते. परचेस म्हणतं आयटी. आयटी म्हणतं, कपाट आमचं, आतला ऐवज तुमचा. शेवटी त्या दिवशी जो रजेवर असतो तो ओनर होतो.

हा नुसता देशी बाणा समजू नका. इंग्लंडने २०२० मध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गाळले, कारण एक्सेलच्या जुन्या फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. पण खरा मान अमेरिकेच्या टार्गेट कंपनीचा. २०१३ मध्ये तिने कॅनडात दुकानं थाटली, नवंकोरं एसएपी घेतलं आणि मालाची माहिती घाईघाईने भरून घेतली. रुंदीच्या जागी लांबी, सेंटिमीटरच्या जागी इंच. गोदामं ओसंडली, दुकानांतली फडताळं रिकामी. पुढे छापून आलेल्या हकिकतीत तर मौज आहे. ॲनालिस्टांचं मूल्यमापन 'माल उपलब्ध' या टक्क्यावर होतं. त्यांच्या लक्षात आलं, की वस्तू आपोआप मागवण्याचं बटण बंद केलं की ती वस्तू 'संपली' म्हणून दिसतच नाही. त्यांनी बटणं बंद केली. टक्का सुधारला. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने सगळी १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ही माणसं आपल्याकडे असती तर व्हाइस प्रेसिडेंट झाली असती.

आपल्याकडे आता गुणवत्तेचा डॅशबोर्ड असतो. तो भरलेले रकाने मोजतो. खरे रकाने मोजायचं यंत्र अजून कोणी विकायला आणलेलं नाही. परिपत्रक निघालं, की तिमाहीत पूर्णता शंभर टक्क्यांवर जाते, कारण जिथे काही सुचलं नाही तिथे लोकांनी टिंब दिलेलं असतं.

अशाच एका कंपनीत नुकतंच या सगळ्यावर एआय बसवलं. त्याने रात्रभर आकडे चाळून पहिली शिफारस दिली: सर्वाधिक व्यवहार आणि एकही तक्रार नाही हे लक्षात घेता, 'वापरू नये' या पुरवठादाराशी पाच वर्षांचा करार करावा. समितीने ती तत्त्वतः मंजूर केली आहे. करार पाठवायला पत्ता हवा होता. तो रकाना भरलेला आहे. टिंब आहे.