उत्स्फूर्त प्रतिसाद

विद्यापीठाच्या आवारात कुलगुरूंना न ओळखणारी माणसं सापडतील, समन्वयकाला न ओळखणारं कुणी सापडणार नाही. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्यावर गुंडाळी केलेला फ्लेक्स, आणि कानाला फोन लावून जो माणूस ‘‘मॅडम, दोनच मिनिटं, पाहुणे गेटवर आलेत’’ असं सांगतोय, तोच तो. पाहुणे त्या वेळी घरी अंघोळीला गेलेले असतात.

वय तिशी ओलांडलेलं. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ सालची, याचा जन्मही त्याच सुमाराचा. पत्रिका जुळवायची गरजच पडली नाही. नेट झालं, सेट झालं, पीएच.डी. झाली, नोकरी तेवढी व्हायची आहे. सध्या तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. तासांचे पैसे मिळतात, पण कधी ते विचारायचं नाही. कार्यक्रमांचे मिळतच नाहीत. तरी जागा निघेल तेव्हा हेडमॅडमना आपलं नाव आठवावं, एवढ्या भरवशावर तो सांस्कृतिक समन्वयक आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे रासेयोचा, मदतनीस आहे आणि आणखी तीन समित्यांचा सदस्य सचिव आहे. कायम झालेल्या प्राध्यापकांनी ‘तरुणांना वाव मिळाला पाहिजे’ असं म्हणत एकेक समिती त्याच्या गळ्यात घातली आणि ते मोकळे झाले.

त्याचं वर्ष महिन्यांत मोजलं जात नाही, दिनांत मोजलं जातं. २१ जूनला योग दिन, २६ जूनला सामाजिक न्याय दिन, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, २४ सप्टेंबरला रासेयो दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. १४ जानेवारीला तिळगूळ तोंडात घालतो न घालतो तोच मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू होतो. १२ जानेवारी त्याला विशेष प्रिय. त्या दिवशी जिजाऊ आणि विवेकानंद अशा दोघांची जयंती असल्यामुळे समई एकदाच लावावी लागते आणि अहवाल मात्र दोन होतात. २ ऑक्टोबरचंही तसंच. बाकी थोर माणसांनी जन्मताना हा विचार करायला हवा होता, असं त्याला मनातून वाटतं.

कार्यक्रमातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे निमंत्रणपत्रिका. पाच मान्यवर, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या वर नाव हवं. यातून समन्वयकानं असा मार्ग काढला आहे की तो राजनैतिक सेवेत असता तर सीमाप्रश्न सुटला असता. एकाची ‘प्रमुख उपस्थिती’, दुसऱ्याची ‘विशेष उपस्थिती’, तिसऱ्याची ‘सन्माननीय उपस्थिती’, चौथे ‘मार्गदर्शक’, पाचवे ‘प्रेरणास्थान’. प्रेरणास्थान कार्यक्रमाला येत नाही, पण पत्रिका घरी पोचली का, हे दोनदा विचारतं.

मग फ्लेक्स. फ्लेक्सवाला ‘उद्घाटन’ हा शब्द दर वेळी नव्या तऱ्हेनं लिहितो आणि २७ फेब्रुवारीला हमखास ‘मराठी राजभाषा दिन’ छापून देतो. राजभाषा दिन १ मे रोजी असतो, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी असतो तो भाषा गौरव दिन, हे समन्वयकानं त्याला अनेकदा बजावलंय. फ्लेक्सवाला म्हणतो, ‘‘सर, मराठीच आहे ना?’’ शेवटी ‘राजभाषा’वर ‘भाषा गौरव’ची पट्टी चिकटवायची. त्यासाठी बॅगेत दुहेरी टेप असतो. शिवाय सुतळी, कात्री, टाचण्या, काडेपेटी आणि कापूर. वातीवर कापूर ठेवला की दीपप्रज्वलन एका काडीत होतं. नाहीतर पंखे बंद करूनही मान्यवर समईभोवती घामाघूम होऊन उभे राहतात आणि फोटोत दिसतो तो धूर.

श्रोते मिळवणं त्या मानानं सोपं. प्रथम वर्षाचा १०.४० चा तास सुरू होतो, सर आत येतात आणि म्हणतात, ‘‘सगळे सेमिनार हॉलमध्ये चला.’’ मागच्या दाराशी रासेयोचे दोन दणकट स्वयंसेवक. हजेरीचा कागद सुरुवातीला फिरवायचा नाही, हे शहाणपण अनुभवातून आलंय. तो आभारानंतर फिरतो. गुगल फॉर्मवर अभिप्राय भरला तरच ई-प्रमाणपत्र. कार्यक्रम कसा वाटला? पर्याय दोन: उत्तम आणि अतिउत्तम.

अहवाल आदल्या रात्रीच लिहून तयार असतो. ‘पाहुण्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले. अध्यक्षीय भाषणात विविध पैलूंवर प्रकाश टाकण्यात आला. कार्यक्रमास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’ यात खोटं काय आहे? पाहुणे आले नाहीत तरच अडचण.

हाच माणूस विद्यार्थी असताना युवक महोत्सवात मूक अभिनय करायचा. राज्यभरातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’पर्यंत धडकला होता. आजही त्याच्या वाट्याला फारसे संवाद नाहीत. एकच, आभाराचा, आणि ‘आता आभार प्रदर्शनासाठी...’ हे शब्द सूत्रसंचालिकेच्या तोंडून निघताच सभागृहातल्या खुर्च्या एकदम करकरतात, कारण बाहेर चहा आणि वडे आलेले असतात. तो रिकाम्या खुर्च्यांचे, विद्युत विभागाचे आणि ‘ज्ञात-अज्ञात हातांचे’ आभार मानतो. वडा त्याला मिळत नाही. मिळालाच तर गार.

आणि एकदा काय झालं, पाहुणे आलेच नाहीत. भाषा गौरव दिन, संध्याकाळचे सहा, कवी महाशय चौकातल्या कोंडीत अडकलेले. तेवढ्यात वीज गेली. माइक बंद. मागच्या दाराशी स्वयंसेवक होते, पण अंधारात तेही दिसेनात. समन्वयकानं आयुष्यात पहिल्यांदा अहवालाबाहेरचं वाक्य उच्चारलं, ‘‘कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा.’’

थोडा वेळ खसखस. मग वसतिगृहातल्या एका धुळ्याच्या मुलीनं आजीच्या ओव्या म्हटल्या, अहिराणीत, बसल्या जागेवरून. तिला उत्तर म्हणून एक पोरगा मालवणीत भांडला. नुसता भांडला, कोणाशी ते कळलं नाही, पण लोक हसून लोळले. वऱ्हाडी आली, झाडीबोली आली. शिपायाला आग्रह झाला, त्यानं भारुड म्हटलं आणि मधेच आवंढा गिळून थांबला, तर पोरांनी पुढचं धरलं. दीड तास चाललं. वडे बाहेर गार झाले आणि कुणी उठलं नाही. आभारही मानायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवत्ता हमी कक्षातून फोन, ‘‘कालचे फोटो पाठवा. जिओटॅगवाले.’’

फोटो कुणाकडेच नव्हता. अंधारात फोटो काढायचं कुणाला सुचलंही नव्हतं. पुराव्याशिवाय कार्यक्रम झालेला नसतो, हे तर नॅकमध्ये शेंबडं पोरही सांगेल.

‘‘सर, परत बसू की,’’ एक जण म्हणाला. ‘‘पाच मिनिटांचं काम.’’

पण त्या ॲपला जागेबरोबर तारीखही कळते. फोटोखाली २८ फेब्रुवारी उमटणार. समन्वयक टाचणी ओठात धरून मिनिटभर उभा राहिला. २८ फेब्रुवारी, १९२८, रामन परिणाम.

‘‘विज्ञान दिनाचा फ्लेक्स आलाय का रे?’’

आला होता. ‘विज्ञान’ हा शब्द चक्क बरोबर होता. काल जे जिथं बसले होते, त्यांना तिथंच बसवण्यात आलं.

‘‘हं, टाळ्या वाजवा!’’

‘‘सर, फोटोत टाळ्या ऐकू येत नाहीत.’’

‘‘चेहऱ्यावर दिसतात. आणि ए धुळे, हसतेस काय? समोर बघ. रामन परिणाम समजल्यासारखं!’’