वेलांटीचं वेगळं बिऱ्हाड

जावा आणि जावास्क्रिप्ट यांचा नावापलीकडे फारसा संबंध नाही, हे सांगायची एकही संधी मी हल्ली सोडत नाही. कुणी विचारलेलं नसतं. भिशीत विषय बहुधा कुणाच्या तरी गुडघ्यांचा चाललेला असतो. पण गुडघ्यापासून जावास्क्रिप्टपर्यंत जाणारी एक वाट आहे आणि ती मला सापडली आहे. ("ते गुडघ्याच्या व्यायामाचं ॲप आहे ना, ते कशात लिहितात ठाऊक आहे?") मग मी सांगते की नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइकने १९९५ च्या मे महिन्यात ही भाषा दहा दिवसांत उभी केली, म्हणजे इकडे गणपती बसून उठेपर्यंत. आधी नाव होतं मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि त्या वेळी जावाचा फार बोलबाला होता म्हणून वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट. मी मोकापर्यंत पोचले की बायका पर्सा शोधायला लागतात.

माझी स्वतःची मजल म्हणाल तर दिलेली संख्या सम की विषम हे संगणकाकडून वदवून घेण्यापर्यंत गेलेली आहे. ते मी वयाच्या सातव्या वर्षी तोंडी सांगत होते, हा मुद्दा वेगळा. नवशिक्यांसाठीचे हे सरावप्रश्न सोडवले की उत्तराशेजारी हिरवी टिक उमटते, आणि त्या टिकेचं मला जे व्यसन लागलंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. टिक आली की पडद्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. हिंजवडीत नोकरी करणारा भाचा त्याला अंगठा दाखवतो. पूर्वी तो "वा मावशी!" असं लिहायचा.

या सगळ्याच्या मुळाशी माझा धंदा आहे. मी मुद्रितशोधक. या कामाने माणूस गर्विष्ठ होतो. लग्नपत्रिकेतला 'आशिर्वाद' मला वधूवरांच्या नावाआधी दिसतो आणि जेवणाची चव जाते. तेव्हा भाचा जेव्हा म्हणाला, "अगं, कोडमध्ये एक कंस राहिला तरी सगळं अडून बसतं," तेव्हा मला वाटलं, चला, माझ्याइतकं खडूस कुणीतरी निघालं. आता या पोरांना दाखवते नजर कशाला म्हणतात.

प्रत्यक्षात ही भाषा खडूस नाहीच. ती भिडस्त आहे. अर्धविराम विसरलात तर बहुतेक ठिकाणी स्वतःच घातला असं समजून पुढे जाते. अवतरणचिन्हातल्या पाचात दोन मिळवायला सांगा, बावन्न करून देते. त्याच पाचातून दोन वजा करायला सांगा, निमूटपणे तीन देते. दहा, नऊ आणि एक या आकड्यांना रांगेत उभं करायला सांगितलं तर एक, दहा, नऊ असं उभं करते, कारण वेगळं काही बजावलं नसेल तर ती आकड्यांनाही शब्दकोशातल्या शब्दांसारखं लावते. आणि 'हा आकडा नव्हे' असं सांगण्यासाठी जी खास किंमत आहे, तिचा प्रकार विचारलात तर उत्तर येतं: आकडा.

मुद्रितशोधकाच्या काळजाला घरं पडतील अशी गोष्ट पुढे आहे. 'नल' म्हणजे काहीच नाही. पण त्याचा प्रकार विचारला तर भाषा 'ऑब्जेक्ट' म्हणते. ही पहिल्या आवृत्तीपासूनची चूक आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. मध्यंतरी ती सुधारायचा प्रस्तावही आला होता. फेटाळला. सुधारली तर त्या चुकीच्या भरवशावर चालणारी जगभरातली पानं मोडतील म्हणून. इंटरनेटच्या नियमावलीतला 'रेफरर' हा शब्दही असाच: त्यातला एक आर राहून गेला, १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये तो तसाच छापला गेला, आणि आजही प्रत्येक ब्राउझर रोज तो एक आर गाळूनच पाठवतो. हे कळलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कुणीतरी प्रूफ वाचायला हवं होतं हो. कुणीही.

असो. फिझबझ नावाचा एक सराव सगळ्यांनाच करावा लागतो. एक ते शंभर आकडे छापायचे. तीनने भाग गेला तर आकड्याऐवजी 'फिझ', पाचने गेला तर 'बझ', दोन्हींनी गेला तर 'फिझबझ'. मी तिथे 'वडा', 'पाव' आणि 'वडापाव' घातलं. यात खोच अशी की पंधराची चौकशी सगळ्यांच्या आधी करावी लागते. तीनची आधी केलीत तर पंधरालाही नुसता वडा मिळतो आणि पाव जन्मात येत नाही. माझ्या पडद्यावर वडापाव बरोबर पंधराव्या, तिसाव्या, पंचेचाळिसाव्या जागी आले आणि मी ते मोजून पाहिले. कुणी विचारलंच तर हाताशी असावं.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, त्या उलट्या वाक्यांकडे येते.

दिलेला शब्द उलटा करा, आणि उलटसुलट सारखाच वाचला जातो का ते सांगा, असा एक सराव झाडून सगळीकडे असतो. कृती तीन पावलांची: स्प्लिट करून अक्षरं सुटी करायची, रिव्हर्सने फिरवायची, जॉइनने जोडायची. इंग्रजी शब्दांवर टिक आली. मग मला वाटलं, या खेळात आपण काय कमी आहोत? रामाला भाला मारा. ती होडी जाडी होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत हीच तर आमची दौलत होती. वाक्यांतल्या मोकळ्या जागा आधी गाळून टाकल्या आणि मोठ्या दिमाखात रामाला भाला मारायला सांगितलं. उत्तर आलं: 'फॉल्स'.

होडी जाडी होती? फॉल्स. नवजीवन? फॉल्स. 'नयन', 'कनक', 'सरस', 'जलज' यांना मात्र 'ट्रू'. थोडा वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की ज्यांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, ते सगळे पास झालेत. बिनकान्याचे तेवढे उत्तीर्ण.

मग मी माझं गाव उलटं करून पाहिलं. सांगली. पडद्यावर सुरुवातीलाच एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ आलं आणि त्याच्या आधाराने एक निराश्रित वेलांटी. तिच्या मागून ल. सच्या डोक्यावरचा अनुस्वार उठून गच्या डोक्यावर जाऊन बसलेला. 'मुद्रितशोधक' या शब्दाची लांबी विचारली तर अकरा. मु, द्रि, त, शो, ध, क. माझ्या बोटांवर सहाच भरतात. संगणकाच्या हिशेबी उकार वेगळा, हलन्त वेगळा, वेलांटीचं वेगळं बिऱ्हाड.

आणि मला एकदम आमच्या छापखान्यातले कंपोझिटर काका आठवले. खिळा असतो आरशातल्या प्रतिमेसारखा, उलटा. काका अख्खं पान त्या उलट्या अक्षरांत वाचायचे, तेही ओळ डोक्यावर उभी असताना, आणि मी सुलटं प्रूफ वाचून जी चूक काढायचे ती बऱ्याचदा त्यांना आधीच दिसलेली असायची. केसमध्ये देवनागरीचे शेकडो खिळे. क्ष कुठे, त्र कुठे, रफार कुठे, हे काका न बघता सांगत. 'कि' जुळवताना ते वेलांटी आधी उचलायचे, क नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. संगणकाच्या पोटात नेमकं उलट आहे: आधी क, मग वेलांटी, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. म्हणजे ज्यांनी देवनागरी संगणकात बसवली त्यांनी कानाचं ऐकलं, काकांनी डोळ्यांचं. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं असतं, "मग पहिली वेलांटी उभी राहते कशाच्या टेकूवर?" ऑफसेट आल्यावर खिळे मोडीत गेले, वजनावर. काकांचं बोटांतलं ज्ञान मोडीतसुद्धा घेतलं नाही कुणी. तेव्हा मी नव्या टाइपसेटिंगचं कौतुक करणाऱ्यांत होते. स्वच्छ छपाई, सुबक प्रुफं. ते आवराआवर करत असताना मी त्यांना एका सुट्या मात्रेबद्दल बोलत होते, बहुधा चूकच दाखवत होते.

आता थोडी चिडणार आहे, समजून घ्या.

पुढचा सराव होता फॉर्ममधलं नाव तपासण्याचा. नाव 'वैध' केव्हा? ए ते झेड यांपैकीच अक्षरं असतील तेव्हा. एका ओळीचा नमुना, चौकटी कंसात ए, आडवी रेघ, झेड. मी तो लिहिला, टिक आली, आणि मग हात थांबला. हीच ती ओळ. एका ऑनलाइन फॉर्ममध्ये मी माझं नाव देवनागरीत लिहिलं होतं आणि त्याने लाल अक्षरांत मला बजावलं होतं: कृपया वैध नाव लिहा. वैध नाव! बारशाला आत्याने कानात सांगितलेलं, शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर असलेलं नाव. मला वाटायचं, यामागे काहीतरी मोठी तांत्रिक अडचण असेल. अडचण कसली? कुणा नवशिक्याने माझ्यासारखाच सराव केला होता, त्यालाही हिरवी टिक मिळाली होती आणि तो पुढच्या प्रश्नाकडे गेला होता. २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' असं म्हणायची सोय आहे. त्यातही एक मेख आहे. नुसतं 'अक्षर' म्हटलंत तर 'कमल' पास होते आणि 'सीता' नापास, कारण काना आणि वेलांटी ही जावास्क्रिप्टच्या लेखी अक्षरं नव्हेत, चिन्हं; त्यांना वेगळं आमंत्रण द्यावं लागतं. सीतेला पुन्हा एकदा परीक्षा!

आकड्यांचं तर विचारूच नका. मराठीत लिहून दे म्हटलं तर हीच भाषा १२,३४,५६७ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट झोकात लिहून देते. तिनेच लिहिलेला नुसता ५ तिला परत वाचायला द्या. म्हणते, आकडा नव्हे. लिहिता येतं, वाचता येत नाही. आमच्या क्षेत्रात असे लेखक पुष्कळ असतात, म्हणून मी फार बोलले नाही.

भाच्याला फोन केला. "मावशी, सेगमेंटर वापर," तो म्हणाला. "आणि तुला कुणी मराठीतून करायला सांगितलंय? टेस्ट पास झाल्या ना तुझ्या?" टेस्ट पास झाल्या ना, हे वाक्य मी लेखकांकडून वेगळ्या शब्दांत अर्धं आयुष्य ऐकलं आहे: वाचकाला कळलं ना?

इंटल सेगमेंटर हे प्रकरण मात्र खरंच गुणी निघालं. ते शब्द सुटा करताना सांगलीचे सां, ग, ली असे तीनच तुकडे करतं. जोडाक्षरंसुद्धा एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. इतकी वर्षं क्षच्या मधून सुरी फिरत होती. नवा ब्राउझर घेतला, तीन पावलांतलं पहिलं पाऊल बदललं आणि रामाने भाला मारला. होडी जाडी निघाली. नवजीवन मिळालं. एकटीच असल्यामुळे मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग घातलं 'चिमा काय कामाची'. फॉल्स.

कोड वरपासून खालपर्यंत वाचला. निर्दोष. मग वाक्य वाचलं. पहिली चि ह्रस्व, शेवटची ची दीर्घ. आता गंमत बघा: दोन्ही शुद्ध आहेत. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून 'कामाची'. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार ह्रस्व, म्हणून 'चिमा'. हे नियम मी लोकांना पाठ करून दाखवते, अगदी नको असताना. 'तो कवी डालडा विकतो' याचीही तीच गत: कवीची वी दीर्घ, विकण्याची वि ह्रस्व. मधल्या सुट्टीत इतकी वर्षं कुणाला हे खटकलं नाही, मलासुद्धा, आणि मी तर तेव्हापासूनच शहाणी होते. यंत्राचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. म्हणजे अखेर ते माझ्याइतकं खडूस निघालं होतं.

रात्री उशिरा मी एक ओळ वाढवली: तुलना करण्यापूर्वी सगळ्या ह्रस्व वेलांट्या दीर्घ करून घ्याव्यात. चिमा उत्तीर्ण. कवीही उत्तीर्ण. सकाळी भाच्याने कोड पाहिला आणि लगेच फोन आला.

"मावशी, तू ह्रस्व-दीर्घ एकच धरलंस? तू?"

"वर टीप लिहिली आहे," मी म्हटलं. "नीट वाच."

टीप अशी आहे: 'फक्त या कामापुरतं. इतरत्र वापरल्यास खपवून घेतलं जाणार नाही.' त्याने तिलासुद्धा अंगठा दाखवला.