घाट उतरताना

घाट म्हटलं की आपल्याकडे चढणीचंच कौतुक. इंजिन कसं तापलं, बोनेट उघडून त्यात पाणी कसं ओतलं, नेमक्या कोणत्या वळणावर कुणाच्या पोटात ढवळलं, हे रंगवून सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. उतरल्याची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ‘मग आम्ही खाली आलो’ एवढ्यात अख्खा बोरघाट उरकतात. मला तर या घाटाची खरी करामत उतारातच दिसते.

मुळात बोरघाटाला डोंगर म्हणायचं की नाही, हे तुम्ही कुठून येता यावर आहे. खोपोलीहून बघणाऱ्याच्या पुढ्यात कातळाची भिंत उभी असते. पुण्याहून निघालेल्याला आपण काही चढल्याचं आठवतही नाही. तळेगाव, कामशेत, लोणावळा, चिक्कीची दुकानं, आणि खंडाळ्यापुढे एकदम जमीनच संपते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे पठार झालं आणि सह्याद्री ही त्याची पश्चिमेकडची तुटकी कड. म्हणजे कोकणातला माणूस इथे डोंगर चढतो आणि देशावरचा माणूस घरातून निघून जिना उतरतो. फरक साधारण साडेपाचशे मीटरचा, पण दोघांच्या तोंडी दोन वेगळे घाट.

पावसाच्या थेंबाचंही तसंच. लोणावळ्यात पडून इंद्रायणीत गेला, तर देहू-आळंदी करत भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर सोडून सगळा दख्खन पालथा घालायचा, ही चाल अस्सल यात्रेकरूची. जरा पलीकडे, राजमाचीच्या दरीत पडलेला थेंब मात्र उल्हास नदीत शिरतो आणि कर्जत, बदलापूर, कल्याण असा लोकलच्या सोबतीने समुद्र गाठतो. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून पूर्वेला निघालेलं पाणी अडवलं, मोठ्या नळांतून खोपोलीला खाली सोडलं आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. वर तळ्यात निवांत बसलेल्या पाण्याला कोण विचारतो? ते कोसळलं, तेव्हा कामाला आलं.

माणसांची इथली ये-जा निदान दोन हजार वर्षांची. कार्ले, भाजे आणि खालच्या अंगाला कोंढाणे ही लेणी याच वाटांच्या आधाराने उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर देणगी देणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि यवनांची नावं कोरलेली आहेत. देशावरचा माल बंदराकडे उतरवायचा, बंदरातला देशावर चढवायचा, आणि मधल्या मुक्कामी थोडं पुण्य गाठीला बांधायचं. दान उतरण्याआधी केलं की चढून आल्यावर, ते शिलालेखात नाही. माझा अंदाज, आधीच.

हा अंदाज पटत नसेल तर कारतलबखानाला विचारावं. १६६१ साली शाइस्तेखानाने त्याला पुण्याहून कोकणात पाठवलं. शेजारच्याच कुरवंडे घाटाने खान फौजफाट्यासह खाली उतरला. उतरणं फार सोपं गेलं असणार, कारण शिवाजी महाराजांनी त्याला उतरू दिलं. उंबरखिंडीच्या रानात फौज अरुंद वाटेत अडकली आणि चहूबाजूंनी मराठे उठले. पुढे जाता येईना, मागे चढता येईना. बरोबर माहूरची रायबागन होती. तिने शरण जाण्याचा शहाणा सल्ला दिला, तेव्हा सामानसुमान ठेवून खानाला जीव घेऊन परतता आलं. चढताना फसलेला माणूस निदान मागे वळून घरंगळू तरी शकतो.

इंग्रजांना हे पुढे नीट कळलं. १८३० साली माल्कम गव्हर्नर असताना गाडीरस्ता झाला. त्या काळचा एक पूल पुढे दुखणीखुपणी पळवणाऱ्या बामच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून गाजला आणि २०२० मध्ये पाडला. मग आली रेल्वे. १८५६ साली काम सुरू झालं. पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मायदेशी परतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने ठेका स्वतःकडे घेतला, जाणते इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. १८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांवर मजूर खपत होते. त्यांच्यातले हजारो पटकीने गेले. त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही. एका नावाला मात्र देऊळ मिळालं. जुन्या रस्त्यावरचा शिंग्रोबा. या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली असं सांगतात, आणि ड्रायव्हर मंडळी आजही त्याच्यापुढे नाणं टाकून पुढे जातात.

१८६३ साली गाडी सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे. एका ठिकाणी वळायला जागाच नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत शिरायची, थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे निघायची. ज्याने भांडून गाडीच्या दिशेला तोंड असलेली खिडकी मिळवली, तो एका क्षणात पाठमोरा. हे स्टेशन गेल्या शतकाच्या विशीत बंद झालं; कित्येक भांडणं वाचली असतील.

पण माझी आवडती गोष्ट कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय, याचं हे उत्तर. मुख्य रुळातून एक फाटा काढायचा आणि तो डोंगरावर चढवत न्यायचा. सुटलेली गाडी त्यावर शिरते आणि चढणीवर दमून थांबते. गंमत पुढेच आहे. इथला सांधा एरवी याच फाट्याकडे लावलेला असतो. म्हणजे उतरणारी प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असं आधी धरून चालायचं. तिने सांध्याअलीकडे येऊन ठरलेल्या जागी गपगुमान उभं राहून दाखवायचं. मगच सांधा फिरणार, सिग्नल पडणार. चढणाऱ्या गाडीची अशी परीक्षा कुणी घेत नाही. तिला उलट मागून ढकलायला कर्जतला बँकर इंजिनं जोडून देतात.

रेल्वेचा कागदोपत्री हिशेब याहून अजब. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईहून निघालेली डाऊन. म्हणजे धापा टाकत लोणावळा गाठते ती डाऊन आणि ब्रेक आवळत खाली येते ती अप. मुंबईचा मान राखायचा, तर सह्याद्री उलटा धरावाच लागतो. १९२९-३० च्या सुमारास इथे विजेची इंजिनं आली. त्यातल्या मालगाडीच्या इंजिनाला कामगार खेकडा म्हणायचे. हा खेकडा घाट उतरताना मोटारींकडून उलटं काम करून घ्यायचा, वेगाला लगाम बसायचा आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जायची. ती समोरून चढणाऱ्या गाडीच्या कामी यायची. खेकड्यांनी एकमेकांचे पाय ओढण्याच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या मला या खेकड्याविषयी विशेष आदर आहे.

एक्स्प्रेसवेवर असलं काही दिसत नाही. तिथे फक्त खंडाळ्याच्या बोगद्यानंतर ट्रकांच्या ब्रेक लायनरचा जळका वास येतो आणि माझी आत्या सावध होते. आत्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. तिचा उजवा पाय चपलेसकट समोर रोवलेला असतो आणि प्रत्येक वळणाला ती तो जोरात दाबते. तिथे ब्रेक नाही, याने तिला काही फरक पडत नाही.

‘गिअर पाड रे.’

‘आत्या, ऑटोमॅटिक आहे गाडी.’

‘मग तिला सांग पाडायला.’

भाऊ मुकाट्याने तरफ मागे ओढतो. इंजिन गुरगुरतं, गाडी जरा मागे खेचल्यासारखी होते आणि आत्याचा पाय सैल पडतो. खालापूर येईपर्यंत ती गुडघा चोळत राहते. कॅच सायडिंग बांधणारे इंजिनिअर आणि आत्या यांच्यात मला तत्त्वाचा काहीच फरक दिसत नाही. दोघांचाही गाडीवर विश्वास नाही, आणि दोघेही बरोबर आहेत.

तरीही उतरणाऱ्यावर एक अन्याय होतोच. चढणाऱ्या गाडीला बँकरसाठी कर्जतला उभं राहावं लागतं आणि त्या मुदतीत फलाटावरून गरम बटाटेवडे खिडकीत येतात, वर तळलेली हिरवी मिरची. उतरणारी गाडी परीक्षेला उभी राहते ती मंकी हिलला. तिथे फलाट नाही, वडेवाला नाही. तिथे माकडं असतात, आणि त्यांना पक्कं ठाऊक असतं की तुमच्या पिशवीत लोणावळ्याची चिक्की आहे.