बेल्टकाका

तुमच्या सोसायटीत ते दुसऱ्या नावाने राहत असतील, पण आहेत नक्की. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याने मेंटेनन्स खात्यातून निवृत्त करताना त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कामोठ्याला काका दिले. घड्याळ बंद पडलं. काका चालू आहेत.

माझ्या स्कूटरचं इंजिन उड्डाणपुलावर नुसतं ओरडत होतं आणि गाडी पुढे सरकत नव्हती, हे मी गॅरेजवाल्याला सांगत असताना काका भाजीची पिशवी घेऊन मध्ये घुसले. "बेल्ट. उघड." बेल्ट बाहेर आला. काकांनी तो उलटा वाकवला, दातांच्या मुळाशी गेलेल्या भेगा मला दाखवल्या आणि गॅरेजवाल्याकडे असं पाहिलं, की त्याने मजुरीत पन्नास रुपये आपणहून सोडले.

पण खरी भानगड आहे त्यांचा अंगठा. व्ही-बेल्टचा ताण बघायचा तर दोन पुलींच्या बरोबर मधोमध अंगठ्याने दाबायचं. मीटरभर अंतराला सोळा मिलिमीटरच्या आसपास दबला तर ठीक. फार दबला तर ढिला, म्हणजे घसरून जळणार. दबलाच नाही तर घट्ट, म्हणजे बेअरिंग खाणार. एवढं ज्ञान एकाच अंगठ्यात साठल्यावर तो स्वस्थ बसणार कसा? काका कपड्यांची दोरी दाबतात, गणपतीच्या मांडवाची सुतळी दाबतात. ढोलपथकातल्या एका पोराचा ढोल त्यांनी भर मिरवणुकीत दाबला होता. एका बारशाला पाळण्याची दोरी दाबून "सोळाच्या वर जातेय" म्हणाले, तेव्हा बाळाच्या आजीने नाव ठेवायच्या आधी दोरी बदलायला लावली. हल्ली ते माझ्या पोटाकडे पाहायला लागले, की मी हाताची घडी घालतो.

गिरणीत तर विचारूच नका. मोटारीपासून चक्कीपर्यंत बी सेक्शनचे तीन बेल्ट. एक तुटला म्हणून गिरणीवाल्याने एकच नवा टाकला आणि नेमके तेव्हाच काका गव्हाचा डबा घेऊन हजर.

"तिन्ही बदलायचे असतात, भाऊ."

"दोन चांगले आहेत की!"

"चांगले नाहीत, लांबलेत. आता सगळा भार हा नवा एकटा ओढणार. घरात नवी सून आली की कसं होतं?"

रांगेतल्या बायका हसल्या, त्यामुळे काकांना चेव आला. बेल्ट घसरतो म्हणून गिरणीवाला त्याला राळ चोळायचा. काकांनी ती राळ उचलून खिशात टाकली, मेन स्विच पाडायला लावला आणि गिऱ्हाइकांसमोर व्याख्यान सुरू. हा बेल्ट पुलीच्या तळावर चालत नाही, दोन्ही कडांनी धरतो. खाच झिजली की तो तळाला टेकतो, मग घसरतो आणि तळ चकचकीत होतो. "वाकून बघ. तोंड दिसतंय पुलीत? दिसतंय ना? मग राळ नको, पुली बदल." नवे बेल्ट स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवायचे नाहीत, आतले दोरे तुटतात, मोटर सरकवून सैल करायची, हेही तिथेच झालं. काकूंनी त्या रात्री भात टाकला.

बेल्ट आणायला त्यांना नागदेवी स्ट्रीटच लागते. मानसरोवरहून लोकल, मशीदला उतरायचं. मला एकदा नेलं होतं. खिळ्याला टांगलेला बेल्ट काका घेत नाहीत, वाकतो तिथे कायमचा मोडतो म्हणतात. दुकानदार बिचारा पोटमाळ्यावरून माल काढत राहिला. बी-६८, आतून अडुसष्ट इंच. काकांनी छाप वाचला, कडा चाचपल्या आणि अंगठा बाहेर काढला. पुली नाही, मशीन नाही, हवेत धरलेला बेल्ट! दुकानदाराने चहा मागवला. त्याला सवय असावी.

या माणसाने बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय, पण कामोठ्यात पंखा पाचवर फिरत असताना तो कॅनडातल्या मिसिसागाच्या बर्फाची काळजी करतो. तिथे मुलगा आहे आणि मुलाच्या गॅरेजात अंगणातला बर्फ उडवायचं मशीन. त्यालाही बेल्ट. कारखान्यातला बेल्ट एकदा ताणला की एका चालीत फिरतो. इथे मात्र मूठ दाबली की बेल्ट ताणला जातो, सोडली की ढिला पडतो, म्हणजे दर खेपेला घसरत-घसरत पकड घ्यायची. गवत कापायच्या ट्रॅक्टरचंही तेच, त्यात बेल्टला उलटीकडूनही वाकावं लागतं. म्हणून वर जाड कापडाचं वेष्टण हवं आणि आत अरामिडचे, म्हणजे केवलरच्या जातीचे, न लांबणारे दोरे. साधा बेल्ट मापाला बसेल, पण टिकणार नाही. नागपूरची पिक्स कंपनी बागेच्या मशीनचे बेल्ट करून परदेशी पाठवते, हे कळल्यापासून काका तिच्या हिंगण्याच्या कारखान्यात स्वतःचीच शिफ्ट असल्यासारखे बोलतात. जुन्या बेल्टवरचा नंबर फोटोत वाचून त्यांनी तसला एक मिळवलाच आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या बॅगेतून, लोणच्याच्या बरणीला गुंडाळून, कॅनडाला धाडला.

मग रविवारचे व्हिडिओ कॉल. मुलगा हातमोजा काढून बेल्ट दाबायचा आणि काका इथून ओरडायचे, "मधोमध! पुलीजवळ नाही!" आधी बापलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'थंडी आहे का' यात आटपायचं. बेल्टवर ते तास-तासभर चालायला लागलं. काकू चहाचा कप फोनच्या मागे ठेवून जायच्या, मध्ये बोलायच्या नाहीत. चिडायचो मीही, भिंत पातळ आहे आमची. पण काकांना "बरोबर केलंस रे" म्हणताना मी तेवढ्याच वेळी ऐकलंय.

गेल्या हिवाळ्यात मुलाने बॅटरीवरचं मशीन घेतलं. मोटर थेट पात्यालाच जोडलेली, बेल्ट नाही. त्या रविवारी भिंतीपलीकडचं बोलणं 'थंडी आहे का'पाशीच संपलं.

मंगळवारी काका आमच्या लिफ्टच्या दाराला कान लावून उभे होते. मी विचारलं, तर तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. मग म्हणाले, "मोटर आली म्हणजे बेअरिंग आलंच की रे. त्याला सांगितलंय, फोन मशीनजवळ धर आणि आवाज ऐकव."