पडदा मोठा, पूल छोटा

अमेरिकेत नोकरीतून मोकळा झालेला माणूस आरव्ही घेतो, म्हणजे बिऱ्हाड पाठीऐवजी चाकांवर टाकतो. आत फ्रिज, शेगडी, पलंग, संडास. एवढ्या वाड्याला वाट दाखवायला तळहाताएवढं यंत्र कसं शोभणार? लॅपटॉपच हवा! त्यात ‘स्ट्रीट्स अँड ट्रिप्स’, यूएसबीला लोंबणारा जीपीएसचा गोळा, वर वीज पुरवायला इन्व्हर्टर. मायक्रोसॉफ्टने 2013च्या आवृत्तीनंतर ते सॉफ्टवेअर गुंडाळलं, तरी भक्तांनी जुना लॅपटॉप देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपला.

खोटं कशाला बोला, सोय आहेच. नकाशा ठसठशीत दिसतो, आणि नेवाडाच्या वाळवंटात मोबाइलने मान टाकली तरी हा चालू. प्रश्न एवढाच, की तो मांडीवर घ्यायचा कुणी? ते बहुधा लग्नातच ठरलेलं असतं. उन्हात पडदा काळा, मांडी भाजलेली, आणि वळण मागे गेल्यावर दोष बाईंचा. उपग्रहाचा कधीच नाही.

ते उपग्रह 20,000 किलोमीटरवरून गाडी कुठे आहे ते सांगतात. ती पुलाखालून जाईल का, हे नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या रेल्वेपुलाची पाटी 11 फूट 8 इंच सांगायची. त्याने इतक्या उंच गाड्यांची छपरं केळ्यासारखी सोलली, की 2019 साली पूलच उचलून 12 फूट 4 इंचांपर्यंत न्यावा लागला. एसीसकट कित्येक आरव्ही त्याहूनही उंच. पाटी रस्त्यावर ठळक लावलेली असते हो, पण पाहायला मान पडद्यावरून वर काढावी लागते.