लो केलेल्या गाडीचा घासणारा टायर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम अभिनंदन. कंपनीने दिलेला साधारण १६५ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स तुम्हाला डोळ्यांत खुपला, गॅरेजवाल्याने ग्राइंडर लावून स्प्रिंगचे दीड वेढे उडवले आणि गाडी आता फोटोत झकास दिसते. फोटोत ती उभी असते. चालू लागली की मडगार्डातून ‘खर्रर्र’ येतं आणि मागे आत्या बसल्या की ते वाढतं. आत्यांना पुढे बसवणं हा उपाय नाही. मग पुढचा टायर घासतो.

आधी घासतंय कुठे ते शोधा. त्यासाठी पांढरा खडू लागतो, कटर नाही. कटर बाजूला ठेवा. आणखी लांब. मडगार्डाची आतली कड, प्लास्टिकचं लायनर आणि टायरचा खांदा खडूने रंगवा, गाडीत माणसं भरा आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तुमच्या गल्लीतला ज्याने बांधला त्याने हे माप पाहिलेलं नाही, म्हणून चाचणीला तो उत्तम. नंतर बॅटरी घेऊन खाली वाका आणि खडू कुठे पुसला ते पाहा.

पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावरच आवाज येत असेल, तर बहुधा लायनर घासतंय. कित्येकदा स्प्रिंग काढताना त्याची क्लिप पडलेली असते आणि ते नुसतं लोंबत असतं. क्लिप बसवा, गप्प बसा. मित्रांना मात्र ‘सस्पेन्शन ट्यून केलं’ म्हणून सांगायला हरकत नाही.

खड्ड्यात चाक वर आल्यावर मडगार्डाची कड लागत असेल, तर आधी टायरवरचे आकडे वाचा. कंपनीचा १८५/६५ आर १५ सुमारे ६२२ मिलिमीटर व्यासाचा. तुम्ही ‘एकच इंच तर वाढवला’ म्हणून घातलेला २०५/५५ आर १६ भरतो ६३२. म्हणजे टायर वर ५ मिलिमीटर चढला आणि रुंदीला २० मिलिमीटर वाढला. तेवढ्यात तुम्ही गाडी खाली बसवलीत. घरात मोठं कपाट आणून त्याच दिवशी छत खाली घेण्याचा हा प्रकार. १९५/५५ आर १६ घेतला असता, तर व्यास ६२१ च्या आसपासच राहिला असता. दुकानदाराने हे सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याला फक्त डिझाइन विचारलंत.

मग अलॉयचा ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते. रिमच्या आत ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. त्याजागी ईटी ३५ चं रिम घातलं, की चाक १० मिलिमीटर बाहेर येतं आणि कडेला लागतं. ईटी वाढवला तर चाक आत जाऊन शॉकअपला टेकू शकतं. यावर मित्र स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती, सुचवतात. चाक आतून घासत असेल तर स्पेसरने सुटेल. बाहेरून घासत असेल तर स्पेसर घालणारा मित्र बदला.

कड आत दुमडणं हा खरा कारागिरीचा भाग. रंग हीट गनने गरम करून, हबला बसणारा रोलर हळूहळू फिरवतात. बेसबॉलची बॅट टायर आणि मडगार्डाच्या मध्ये घालून गाडी पुढेमागे ढकलण्याची जुनी अमेरिकी युक्ती आहे; आपल्याकडे पोरं क्रिकेटची बॅट घेऊन येतात, आणि संध्याकाळपर्यंत बॅट व मडगार्ड दोन्ही खेळण्यालायक राहत नाहीत. थंड रंग तडकतो. मागच्या चाकावर आतला-बाहेरचा पत्रा त्या कडेलाच जोडलेला असतो, तिथलं सीलंट फाटलं की पाणी शिरतं. कोकणात जाणाऱ्यांनी नंतर सीलंट मारून घ्यावं, नाहीतर गंज त्याच कडेने सुरू होईल.

कॅम्बर देऊन चाकाचं वरचं टोक आत झुकवता येतं. आवाज थांबतो, पण टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो आणि बाहेरून नवा दिसत राहतो. ज्यांना नवा दिसणंच पुरेसं आहे, त्यांनी हा उपाय अवश्य करावा.

आणि ती कापलेली स्प्रिंग. वेढे कमी झाले की ती कडक होते, जॅकवर चाक लोंबलं की बैठकीतून सैल होऊ शकते. ती काढा. योग्य मापाची लोअरिंग स्प्रिंग किंवा उंची बदलता येणारे कॉइलओव्हर बसवा, २० मिलिमीटर वर घ्या, अलाइनमेंट करा. बहुतेक घासणं इथेच संपतं, म्हणूनच ही पायरी कोणी आधी करत नाही. विमा आणि आरटीओ यांचाही विचार करा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे आणि आरटीओतला माणूस फोटो बघून खूश होत नाही.

हे सगळं करेपर्यंत दर आठवड्याला टायरच्या बाजूवर हात फिरवा. चर लागला किंवा दोरे दिसले, तर त्या टायरवर एक्स्प्रेसवेला जाऊ नका. साइडवॉलला पंक्चर काढत नाहीत, टायरच बदलावा लागतो.