लहान तोंडी मोठा घास

वैमानिकाची नोकरी मिळण्यासाठी विमान चालवता येणं पुरेसं नसतं, हे आमच्या घराला जरा उशिराच कळलं. भाचीनं बारामतीला राहून उड्डाणाचे 200 तास पुरे केले, डीजीसीएचे पेपर 70 टक्क्यांची अट ओलांडून सोडवले, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना काढला आणि कमर्शियल पायलट लायसन्स हातात घेऊन घरी आली. ताईनं पेढे वाटले. पेढे संपल्यावर लक्षात आलं, की फ्लॅटच्या किमतीइतके पैसे खर्चून मुलगी आत्ता फक्त परवानाधारक बेकार झाली आहे. एअरलाइनची वेकन्सी निघावी लागते. ती निघाली की लेखी परीक्षा, मग कॉम्प्युटरवर हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावणारी चाचणी, सिम्युलेटर, आणि या सगळ्यातून तरलेल्यांसाठी ज्येष्ठ कॅप्टनांसमोर मुलाखत.

सरावासाठी परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. माझी पात्रता एवढीच, की मी रिकामा होतो आणि मला उत्तरं माहीत नव्हती. अर्धे परीक्षक असेच असतात.

प्रश्नांच्या यादीत पहिलाच प्रश्न होता हायड्रोप्लेनिंगचा. ओल्या धावपट्टीवर विमानाचं चाक पाण्यावर तरंगू लागतं, मग ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय. हे कुठल्या वेगाला होतं? टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि 9 नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. दाब 200 पीएसआय असेल तर सुमारे 127 नॉट. मी ताबडतोब माझ्या स्कूटरचा हिशेब केला. दाब 25 धरला, वर्गमूळ 5, म्हणजे 45 नॉट, म्हणजे ताशी 83 किलोमीटर. तो वेग माझ्या स्कूटरला कोरड्या रस्त्यावर, उतारावरही जमत नाही. त्या दिवसापासून पावसात मी निर्धास्त आहे. (ओल्या रस्त्यावर घसरण्याची इतर कारणंही असतात, असं भाचीचं म्हणणं आहे.)

दुसरा प्रश्न उड्डाणासाठी धावपट्टीवर धावतानाच्या व्ही-वन वेगाचा. ‘तो निर्णयाचा वेग, तिथं थांबायचं की उडायचं ते ठरवायचं,’ असं उमेदवार म्हणाला की परीक्षकाच्या गळाला मासा लागला. व्ही-वनला काहीही ठरवायचं नसतं. थांबायचं असेल तर पहिली कृती त्याच्या आतच सुरू झालेली हवी. त्यानंतर एखादं इंजिन बंद पडलं तरी उडायचं आणि जो काही विचार करायचा तो हवेत करायचा. म्हणूनच व्ही-वनचा पुकारा झाला, की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा हात चक्क काढून घेतो. मोह नको. आमच्याकडे कार्यालयाचा ॲडव्हान्स भरल्यानंतरही स्थळाची चौकशी चालू असते, त्यामुळे ही शिस्त मला फार आवडली.

तांत्रिक भाग हा असा पाठ होतो. अवघड असतं ते साधं बोलणं. ‘पायलट का व्हावंसं वाटलं?’ याला लहानपणी आकाशाकडे बघत असल्याचं उत्तर देणारे सकाळपासून अनेक येऊन गेलेले असतात. जेआरडी टाटांचा 1929 मधला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवानाही परीक्षकांनी पुष्कळदा ऐकलेला असतो. ‘आमचीच कंपनी का?’ याचं खरं उत्तर ‘कारण वेकन्सी तुमची निघाली’ हे आहे, आणि तेवढं सोडून बाकी काहीही चालतं.

त्यापेक्षा शेजारच्या काकूंची मुलाखत कठीण. ‘मुलींच्या हातात देतात का गं विमान?’ हा त्यांचा प्रश्न. 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फॉकर कलकत्त्याहून सिलचरला गेलं, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख, को-पायलट निवेदिता भसीन आणि बाकीचा कर्मचारीवर्गही सगळा महिलांचा, हे भाचीनं सांगितलं. काकूंना आडनावानं धीर आला.

पण आमची खरी गाडी अडली ती वेगळ्याच प्रश्नावर. कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर को-पायलटनं काय करायचं?

प्रश्न सोडवायचा कसा, म्हणून आम्ही तो जेवणाच्या टेबलावर करून बघितला. मी कॅप्टन. उतरताना 1000 फुटांवर विमान सगळ्या अर्थांनी स्थिर हवं: वेग, उतरण्याचा दर, चाकं, फ्लॅप. नसेल तर पुन्हा वर जायचं, म्हणजे गो-अराउंड. मी वेग जास्त ठेवला आणि हट्टानं उतरायला निघालो. भाचीनं सुरुवात केली, “मामा... म्हणजे सर, लहान तोंडी मोठा घास घेतेय, राग मानू नका, पण मला आपलं असं वाटतं, की...”

मी घड्याळ लावून बसलो होतो. उतरणारं विमान मिनिटाला साधारण 700 फूट खाली येतं, म्हणजे सेकंदाला बारा फुटांच्या आसपास. तिची प्रस्तावना पाच सेकंदांची झाली. तेवढ्यात आम्ही साठेक फूट, म्हणजे चांगली पाच मजली इमारत उतरलो होतो आणि मुद्दा अजून यायचाच होता.

दोष तिचा नाही. ‘मोठ्यांना उलट बोलू नकोस’ हे वाक्य तिनं या घरात किती तास ऐकलं, त्याची नोंद कुठल्याच लॉगबुकात नाही. आणि हे काही आपल्याच घरांचं दुखणं नव्हे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक होता. शेजारी बसलेल्या को-पायलटची परीक्षा सुमारे दोन महिन्यांपूर्वी त्यानंच घेतली होती. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका मागच्या फ्लाइट इंजिनिअरनं काढलीही होती. कॅप्टन ठामपणे ‘हो’ म्हणाला आणि शंका तिथंच विरली. अशा अपघातांनंतर हाताखालच्यानं वरिष्ठाला कसं टोकावं, हा वैमानिकांच्या रीतसर अभ्यासाचा विषय झाला.

त्याच्या पायऱ्या चार. आधी विचारायचं, मग सावध करायचं, मग स्पष्ट हरकत घ्यायची, आणि तरीही ऐकलं नाही तर विमान आपल्या हाती घ्यायचं. सरावासाठी भाचीनं दाजींची गाडी निवडली. “बाबा, सिग्नल पिवळा दिसतोय ना?” दाजी गप्प. “बाबा, पिवळा आहे.” दाजींनी वेग वाढवला. “बाबा, थांबा!” आणि मग तिचा हात हँडब्रेककडे गेला. दाजी त्या दिवशी रात्री जेवताना कुणाशीच बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, मुलीला शिकवायला एवढा पैसा घातला तो हे ऐकायला का?

मला विचाराल तर याचसाठी. अर्थात तोल दोन्हीकडून सांभाळावा लागतो. विमानाचा अंतिम अधिकार कॅप्टनचाच, आणि नुसतीच भांडखोर पोरं मुलाखतीत परीक्षकांना चटकन ओळखू येतात. एका वाक्यात चूक दाखवायची, दुरुस्त झाली की विषय सोडायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच त्यांना बघायचं असतं. आपल्याकडे यातला दुसरा भाग पहिल्याहूनही अवघड आहे; ‘मी तेव्हाच सांगत होते’ हे वाक्य कॉकपिटमध्ये चालत नाही म्हणे.

तेव्हा तुमच्या घरात कुणी या मुलाखतीच्या तयारीला लागलं असेल, तर टायरचा दाब आणि व्ही-वन त्याचं तो पाठ करील. तुम्ही फक्त जेवताना एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगा, आणि त्यानं ती पहिल्याच वाक्यात दुरुस्त केली तर कृपा करून पानावरून उठू नका.